हँग न झालेल्या मॅक्रो पॅडची कैफियत

मी हँग झालो नव्हतो. हे आधी ऐकून घ्या, मग माझं नावगाव विचारा.

मी एक मॅक्रो पॅड. तळहातावर मावेन एवढा. अंगावर नऊ बटणं आणि कोपऱ्यात एक गोल घुंडी. वायरीने मला लॅपटॉपला जोडायचं आणि एकेका बटणात हवं ते काम भरून ठेवायचं. एरवी माऊस घेऊन पाच ठिकाणी जावं लागतं, ते माझं एक बटण दाबलं की होतं. जे भरलंय तेच मी करतो. विसरत नाही, कंटाळत नाही, कुणाची बाजू घेत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही आणि त्याचं दुःखही नाही. पहिला मालक अंधेरीचा चंद्रप्रकाश. तो गेम खेळताना लाइव्ह यायचा. माझ्या एका बटणात त्याने टाळ्यांचा आवाज भरला होता. त्याच्या विनोदाला कोणी हसलं नाही की तो ते बटण दाबायचा. दिवसभर तेच एक बटण. तीन महिन्यांत त्याची हौस फिटली आणि मी जुन्या चार्जरांच्या गुंत्यात जाऊन पडलो. तिथून मला दिशाने विकत घेतलं.

दिशा घाटकोपरची. दोन खोल्यांत आई, ती आणि धाकटा भाऊ प्रीतम. लग्नं आणि गल्लीतले क्रिकेटचे सामने लाइव्ह दाखवायचे आणि नंतर त्यांचे व्हिडिओ एडिट करायचे, हा तिचा धंदा. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, बटणांवर पांढरी पट्टी चिकटवली आणि पेनाने लिहिलं: कॅमेरा एक, कॅमेरा दोन, स्कोअर, चौकार, षटकार, आऊट, जाहिरात, रिप्ले, माईक बंद. आयुष्यात पहिल्यांदा माझी नऊच्या नऊ बटणं कामाला लागली.

चुका व्हायच्या, नाही असं नाही. चेंबूरला तिच्या मामेबहिणीच्या लग्नात तिने क्रिकेटची बटणं बदललीच नाहीत. वधूने वराच्या गळ्यात हार घातला आणि वाशीमच्या नातेवाइकांना मोबाईलवर दिसलं, ‘षटकार!’ दिशाने लगेच माईक हातात घेतला आणि म्हणाली, “माझी चूक झाली, माफ करा.” त्या दिवसापासून मला ती आवडायला लागली. चूक आपल्या नावावर घेणारी माणसं फार कमी असतात. बाकीच्यांचं नाचता येईना अंगण वाकडं.

आता त्या रविवारचं सांगतो.

आपल्याकडच्या अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धांत एक पद्धत आहे. धावबादबद्दल शंका आली की पंच मैदान सोडून स्ट्रीमिंगच्या टेबलाजवळ येतात आणि तिथला रिप्ले बघून निकाल देतात. रिप्ले नसेल तर फलंदाज नाबाद. माझं रिप्लेचं बटण एकदा दाबलं की मागचे दहा सेकंद साठवले जातात आणि फक्त दिशाच्या पडद्यावर दिसतात. दुसऱ्यांदा दाबलं की सगळ्यांना दिसतात.

अंतिम सामना होता. दिशाच्या कॉलनीचा संघ विरुद्ध नाहूरचा. दोन चेंडू, सहा धावा, शेवटची जोडी, आणि बॅट प्रीतमच्या हातात. त्याने चेंडू मारला, एक धाव काढली, दुसरीसाठी वळला. नाहूरच्या पोराने थेट स्टंपवर फेक केली. पंचांनी दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला आणि ते आमच्या टेबलाकडे निघाले.

दिशाने सवयीने माझं बटण एकदा दाबलं. रिप्ले तिच्या पडद्यावर आला. प्रीतमची बॅट रेषेपलीकडे पोचली होती, पण जमिनीला टेकली नव्हती. जमिनीपासून चार बोटं वर होती. आऊट. कुणालाही कळावं इतकं स्वच्छ आऊट.

मी दुसऱ्या दाबाची वाट बघत होतो. तिने रिप्लेची खिडकी बंद केली, माझी वायर उपटली आणि पंचांना म्हणाली, “सर, हँग झालं. हा पॅड ऐन वेळी असाच करतो.”

असाच करतो? मी? दोन वर्षं त्या टेबलावर राबलो, एकदा तरी अडलो होतो? पण मला तोंड नाही. मुका बिचारा, कुणीही हाका.

प्रीतम नाबाद ठरला. पुढच्या चेंडूवर त्याने चौकार मारला आणि कॉलनीत कप आला. गुलालाचा एक फराटा माझ्यावरही उडाला. मला तो नको होता.

महिन्याभराने नाहूरच्या संघाचे धोंडिराम काका भेटायला आले. मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते. नाहूरची मोठी स्पर्धा तेच भरवतात आणि तिचं स्ट्रीमिंग दिशाला मिळणार होतं. ते रागावले नाहीत, हेच वाईट झालं.

“तुझी काय चूक नाय गो,” ते म्हणाले. “पण ऐन टायमाक मशीन बंद पडला तर आमी काय करूचा? मी दुसऱ्याक सांगितलंय.”

दिशा मान खाली घालून “बरं, काका” म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. नंतर मुलुंडचं एक कामही त्याच कारणाने गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. फक्त इथे फास हळूहळू चोरालाही बसायला लागला होता. मला वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

मग कॉलनीच्या मंडळाने फायनलचा व्हिडिओ मागितला. दुपारी दिशा एडिटला बसली. एडिटमध्ये माझी बटणं वेगळी कामं करतात: कापायचं, जोडायचं, पुसायचं. घुंडी फिरवली की चित्र एकेक पाऊल पुढेमागे सरकतं. तिने ती दहा सेकंदांची फाईल उघडली. तेवढ्यात प्रीतम मागे येऊन उभा राहिला.

“हे काय आहे, ताई?”

“तुझा रनआऊट.”

“हँग झालं होतं ना?”

दिशाने घुंडी फिरवली. बॅट रेषेवर आली, स्टंप पडले, बॅट अजून हवेतच. प्रीतम खाली बसला.

“मला वाटलं होतं मी पोचलो. आईशप्पथ, मला खरंच तसंच वाटलं होतं.”

“माहीत आहे. खोटं मी बोलले, तू नाही.”

“मग आता काप ना ते. मंडळाची पोरं घरी येऊन वाट लावतील.”

“आणि सगळे म्हणतात माझं मशीन बंद पडतं, त्याचं काय?”

“म्हणू दे की. मशीनला काय लाज असते?”

असते! मला आहे. कालही होती, आजही आहे. मला पाय असते तर त्याच क्षणी टेबलावरून उठून गेलो असतो.

दिशाचं बोट पुसायच्या बटणावर आलं. मी काही करू शकत नव्हतो. तिने दाबलं असतं तर मी इमानाने पुसून टाकलं असतं, माझी स्वतःची साक्षसुद्धा. तेच माझं काम आहे. बोट बराच वेळ तिथेच होतं. मग तिने ते बाजूला घेतलं, ते दहा सेकंद व्हिडिओत अख्खे ठेवले, माईक जवळ ओढला आणि स्वतःच्या आवाजात बोलली, “हा रिप्ले त्या दिवशी माझ्यासमोर होता. मी तो पंचांना दाखवला नाही. पॅड चांगला होता. मी दिशा.”

मंडळाने तो व्हिडिओ लावला नाही. तिने तो आपल्या चॅनेलवर टाकला. कॉलनीतली कामं तिला मिळेनाशी झाली. प्रीतम आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी स्वतः कप उचलून नाहूरला देऊन आला आणि घरी येऊन तिच्यापुढे चहा ठेवला.

परवा धोंडिराम काकांचा फोन आला. त्यांनी तो व्हिडिओ बघितला होता. दिशाने तो माझ्या शेजारीच ठेवून स्पीकरवर घेतला.

“स्ट्रीमिंगचो शब्द दुसऱ्याक दिलंय, तो मोडूचो नाय,” ते म्हणाले. “पण रनआऊटचो निकाल देवक तू बसशीत? रिप्ले तूच बघ नि तूच सांग.”

“बसेन. पण पॅड माझाच लावायचा.”

“तो बंद पडणारो?” काका हसले.

“तो कधीच बंद पडला नव्हता, काका. मी पाडला होता.”

हे तिने भर घरात, आई आणि प्रीतमसमोर सांगितलं. माझा दावा निकाली निघाला.

आज माझ्या पट्टीवरची शाई फिकी झाली आहे, घुंडी थोडी सैल झाली आहे, आणि रविवारी मी नाहूरला जाणार आहे. जाताजाता तुम्हाला एक सांगतो, विनंती समजा नाहीतर दम. नेट गेलं होतं, मेसेज दिसलाच नाही, बॅटरी उतरली होती, हे आता पुरे झालं. आम्हाला तोंड नाही म्हणून तुमचं खोटं आमच्या गळ्यात बांधू नका. दाबायचं असेल ते बटण दाबा आणि नंतर म्हणा, मी दाबलं.