डाव्या डोळ्याचा फोटो

भाऊ खुर्चीत बसला तोच मुळी कुरकुरत. तो चालवायचा ती शाळेची बस बाहेर उभी होती, शाळा सुटायची वेळ झाली होती. मधुमेह जडून कितीतरी वर्षं झाली, तरी डोळे तपासून घ्यायला तो टाळाटाळच करत आला होता. शेवटी याच दवाखान्यात नर्स असलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने आज त्याला जवळजवळ ओढूनच आणलं.

"हनुवटी इथे टेक. हिरव्या ठिपक्याकडे बघ."

लख्खकन उजेड पडला. कॉम्प्युटरने उजव्या डोळ्याचा निकाल लगेच दिला: किरकोळ बदल, वर्षाने पुन्हा तपासा. डाव्याला मात्र तो अडला. फोटो अस्पष्ट. ताईने कॅमेऱ्याचं भिंग पुसलं, पुन्हा फोटो काढला. पुन्हा अस्पष्ट.

"तुझं यंत्रच आंधळं झालंय," भाऊ हसला. "उजव्याचाच फोटो दोनदा चढव आणि सोड मला. पोरं ताटकळतील."

ताई घुटमळली. पण त्याच्याआधी तपासलेल्या आजींचा फोटो तर स्वच्छ आला होता! तिने त्याच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"समोरच्या भिंतीवर काय आहे?"

त्याने डोळा बारीक केला. "घड्याळ."

"घड्याळ तुझ्या पाठीमागे आहे."

ताईने हात खाली घेतला.

"कधीपासून?"

"मध्येमध्ये काळी जाळी यायची. वाटलं, जाईल आपोआप." त्याचा आवाज पार खाली गेला. "ताई, बस चालवणंच सुटलं तर मी करू काय?"

"किल्ली दे."

"आजचा दिवस तरी..."

"पोरं बसतात त्या गाडीत. किल्ली दे म्हणते ना!"

त्याची मूठ आवळली. ताईने हात पुढेच धरला. अखेर किल्ली तिच्या हातात पडली. तिने शाळेला फोन करून दुसरा ड्रायव्हर पाठवायला सांगितलं आणि भावाला थेट डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं.

"आत रक्त साचलंय," डॉक्टर म्हणाले. "मग कॅमेऱ्याला काय दिसणार?"

ऑपरेशन झालं. नजर बरीचशी परतली, बस मात्र गेली ती गेलीच. शाळेने त्याला गाड्यांच्या दुरुस्तीवर घेतलं. कितीतरी दिवस तो ताईशी तोंडदेखलं बोलायचा.

मग एका सकाळी तो दवाखान्याच्या दारात उभा राहिला. एका टकल्या ड्रायव्हरचं मनगट त्याने घट्ट धरलं होतं.

"ताई, याला शुगर आहे. आधी याचे फोटो काढ," तो म्हणाला, "नाहीतर पळेल हा."