पाण्यात किती बुडते?

धक्क्यावरच्या नोंदणी कचेरीतल्या कारकुनाला सगळे रकानेकाका म्हणत, आणि तेही तोंडावर. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. बोट कुणाचीही असो, अर्ज पुरा भरल्याशिवाय त्यांचा शिक्का उठत नसे. त्यांची आणखी एक गोष्ट धक्क्यावर सर्वांना ठाऊक होती आणि तिच्यावरून यथेच्छ चेष्टा चाले. बोटींत जन्म काढलेल्या या माणसाला पोहता येत नव्हतं.

खाडीपलीकडच्या दवाखान्यातली नर्स अर्ज घेऊन आली, तेव्हा तिच्यासोबत तिचा थोरला भाऊ होता. हा मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री. दोन वर्षं खपून त्याने घरामागच्या शेडमध्ये एक यंत्र बांधलं होतं.

"हॉव्हरक्राफ्ट," मिस्त्री म्हणाला. "एक पंखा खाली हवा कोंबतो. भोवतीची रबरी झालर ती हवा अडवून धरते. त्या हवेच्या उशीवर सगळं यंत्र उचललं जातं. मागचा पंखा पुढं ढकलतो."

"म्हणजे बोट?"

"बोट म्हणा."

"मी म्हणून काय होतंय? अर्जात बसायला हवी. आठवा रकाना, पाण्यात किती बुडते?"

"बुडतच नाही काका. पाण्याच्या वर चालते."

रकानेकाकांनी चष्मा काढून पुसला. न बुडणारी बोट त्यांच्या अर्जाला माहीतच नव्हती.

दुसरा कुणी असता तर कागद परत करून मोकळा झाला असता. पण काकांना चौकशीची भारी खोड. ते थेट शेजारच्या वाहन कचेरीत गेले. तिथल्या निरीक्षकाने विचारलं, "चाकं किती?" एकही नाही म्हटल्यावर त्याने हात झटकले. मग विमान खात्याला फोन लावला. पलीकडचा माणूस हसला, पण बोलला मुद्द्याचं. "त्याला खाली जमीन नाहीतर पाणी लागतं ना? उशी कशावर तरी टेकूनच उभी राहते. नुसत्या हवेत ते उंच जाऊ शकत नाही. आमचं नव्हे ते."

काका परतले ते जास्तच कोड्यात पडून. मिस्त्रीने त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. या जातीत दोन प्रकार असतात. एकाला चारी बाजूंनी लवचीक झालर, तो पाण्यावरही चालतो आणि जमिनीवरही. दुसऱ्याला दोन्ही बाजूंना कडक भिंती असतात आणि त्या पाण्यात बुडलेल्या असतात.

"मग तो दुसरा बांधायचा की! माझा रकाना तरी भरला असता."

"आणि चिखलात रुतला असता," नर्स म्हणाली. "काका, ओहोटीला खाडीत सहा तास नुसता चिखल असतो. बोट येत नाही, माणूस कमरेपर्यंत आत जातो. गेल्या वर्षी एक बाळंतीण भरतीची वाट बघता बघता माझ्या हातात गेली. येत्या अमावास्येला मोठी ओहोटी आहे. आणखी एका बाईचे दिवस तेव्हाच भरतायत आणि तिचं बाळ आडवं आहे, ऑपरेशनला इकडच्या इस्पितळातच आणावं लागेल. परवान्याशिवाय मला कुणाला बसवता येत नाही."

काकांना त्या बाळंतिणीचं आठवत होतं. धक्क्याच्या आवक वहीत प्रत्येक बोटीपुढे 'भरती की ओहोटी' असा एक रकाना होता, आणि एकतीस वर्षं त्यांनी त्यात एकच शब्द लिहिला होता. भरती. त्या दिवशीची बोटही भरतीलाच आली होती, त्या बाईला पांढऱ्या चादरीत घेऊन. त्यांना फार वाईट वाटलं.

"उद्या चाचणी," ते म्हणाले.

चाचणीची काकांची स्वतःची रीत होती. कोरड्या बोटीच्या कडेवर ते खडूने उभ्या रेघा ओढत. बोट पाण्यात फिरवून आणली की जिथवर खडू पुसला गेला, तितकी ती बुडते. त्यांनी झालर वर करून रेघा मारल्या आणि यंत्र खाडीत फिरून आलं. झालर पुन्हा उचलून पाहिली, तर रेघा जशाच्या तशा. त्यांवर नुसते चार-दोन शिंतोडे.

नर्सचा चेहरा उतरला. काका मात्र रेघांकडे बघत तिथेच उकिडवे बसून राहिले.

"मिस्त्री," ते हळूच म्हणाले, "पाण्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं तर?"

"तर... खाली बसेल. तरंगावं. तसंच बांधलंय."

"बंद करून पाहिलंय?"

मिस्त्रीने मान खाली घातली. पाहिलं नव्हतं. दोन वर्षांची मेहनत तळाला जाईल या भीतीने भावाबहिणीने पाण्यावर पंखा कधी थांबवलाच नव्हता.

"चला, मी येतो," काका म्हणाले आणि आपलेच शब्द ऐकून दचकले. अशा धोक्याच्या चाचणीला नोंदणी करणाऱ्याने बोटीत असावं हा नियम होता खरा. पण त्याहून खरं म्हणजे त्यांना आता राहवत नव्हतं.

खाडीच्या मध्यावर नर्सने इंजिनाच्या बटणावर हात ठेवला. "काका, तुम्हाला पोहता..."

"तुम्ही बंद करा, सिस्टर."

पंख्याची घरघर थांबली. यंत्र एकदम खाली बसलं आणि काकांनी कठडा घट्ट धरून डोळे मिटले. पाणी चुळुकचुळुक वाजत होतं. पायांना ओल लागेना, तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला. ते तरंगत होते. मिस्त्री आपण बांधलेल्या कोरड्या तळावर हात फिरवत लहान मुलासारखा रडत होता.

धक्क्यावर येऊन झालर उचलली. खडू पुसला गेला होता. काकांनी पट्टी लावली आणि आठव्या रकान्यात लिहिलं: नऊ इंच. खाली शेरा मारला: चालते तेव्हा हवेवर, थांबते तेव्हा पाण्यावर. सबब बोट. आणि धाडकन शिक्का उठवला.

अमावास्येला संध्याकाळी खाडीभर चिखल पसरला होता. काका घरी जायचं सोडून धक्क्याच्या टोकाला उभे होते. पलीकडून घरघर ऐकू आली आणि चिखलाला न शिवता ती बोट सरळ धक्क्याच्या उतारावर चढली. मिस्त्री चालवत होता, आत कण्हणारी बाई होती, तिचा हात धरलेली नर्स होती. बाई कण्हतेय हे ऐकून काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हमालांना हाका मारल्या, बाईला गाडीत घातलं, गाडी इस्पितळाच्या वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिले.

मग कचेरीत येऊन त्यांनी आवक वही उघडली. प्रवासी: दोन बायका. पुढच्या रकान्यात सवयीने 'भ' काढला गेला. काकांनी तो खोडला. एकतीस वर्षांत त्यांच्या वहीतली ती पहिली खाडाखोड. शेजारी त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: ओहोटी.