फरशी कोरडीच होती

ऋतुराजच्या लाल गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं पाणी, जातंय कुठं, हे संगमेश मिस्त्रीला तीन आठवडे झाले तरी उमगत नव्हतं. गाडी एक्क्याण्णव सालची, दोन सीटची, परदेशातून आलेली. तिच्या इंजिनाला हात लावायला गावात दुसरं कुणी धजत नव्हतं. संगमेश मूळचा कुरुंदवाडचा. शाहूपुरीत गॅरेज टाकून त्याला पंचवीस वर्षं झाली होती, पण असं कुठल्या गाडीनं त्याला चकवलं नव्हतं. दर आठवड्याला टाकीतली पातळी दोन बोटं खाली. ऑइलमध्ये पाणी नाही, सायलेन्सरमधनं पांढरा धूर नाही, पाइप सगळे धड. आणि गाडीखालची फरशी कोरडी ठणठणीत. दोनदा त्यानं उताणं पडून बघितलं होतं आणि दोनदा, "जुनं इंजिन हाय, मालक, थोडं पितंयच. वरनं भरा आणि चालवा की," असं सांगून आपल्या कॅनमधलं हिरवं कूलंट ओतून तो निघून गेला होता.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास तो गळती शोधायला हवेचा दाब द्यायचा हातपंप घेऊन ऋतुराजच्या बंगल्यावर आला. फाटकाशी बंड्या, घरचा कुत्रा, भुंकला नाही. उठायला गेला आणि मागचे पाय फाकून पुन्हा खाली बसला.

"ह्याला काय झालं, वहिनी?"

"पहाटेपासनं असाच झिंगल्यागत करतोय," ऋतुराजची बायको तेजस्वी म्हणाली. "ऊन बाधलंय वाटतं. दुपारी नेऊ डॉक्टरकडं."

संगमेशनं मान हलवली आणि तो कामाला लागला. इंजिन गार होतं. रेडिएटरचं झाकण काढून त्यानं पंप बसवला, हवा भरली आणि दाबाच्या काट्याकडं बघत उभा राहिला. पंधरा. चौदा. तेरा. काटा उतरत होता. म्हणजे गळती होती, आणि बाहेरच होती. उजेडाला हातातली बॅटरी पेटवून तो गाडीखाली सरकला.

इंजिनात पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की त्यातनं पाणी येतं. तिथनं हिरवा थेंब निघाला, पत्र्यावरनं घरंगळत थेट मागच्या टोकाला गेला आणि टप्प करून पडला. आवाज फरशीवर पडल्याचा नव्हता. संगमेशनं बॅटरी वळवली. मागच्या चाकाआड, आधी दोन्ही वेळा त्याच्या नजरेतनं सुटलेली, भातुकलीतली एक गुलाबी वाटी ठेवलेली होती. थेंब बरोब्बर तिच्यात पडत होता.

आधी त्याला हसू आलं. सरपटत बाहेर येऊन त्यानं वाटी उचलून दाखवली. "ही कुणी ठेवली?"

"माझी हाय ती," पायरीवर बसलेली गार्गी म्हणाली. ऋतुराजची चार वर्षांची पोरगी. "सरबताची हाय. बंड्याला देते मी रोज. त्याला लई आवडतंय."

संगमेशचं हसू तिथंच गोठलं. कूलंट गोड असतं आणि ते विष असतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं फाटकाकडं बघितलं. कुत्र्याच्या तोंडातनं लाळ गळत होती.

तो गार्गीसमोर उकिडवा बसला. आवाज चढू नये म्हणून त्यानं मूठ आवळली. "आणि तू, बाळ? तू पिलीस का कधी?"

तिनं आईकडं बघितलं. आई रागावेल असं तिला वाटलं असावं.

"कोण न्हाय रागवत. खरं सांग."

"आजच. एवढंसंच. मगाशी, टीव्ही लावायच्या आधी."

तेजस्वीनं धावत येऊन पोरीला उचललं.

दवाखान्यापर्यंतची दहा मिनिटं संगमेशला पुढं नीट आठवली नाहीत. शेजाऱ्यांच्या गाडीत स्टिअरिंगवर घरातनं धावत आलेला ऋतुराज, मागं पोरीला मांडीवर घेतलेली तेजस्वी, आणि तिच्या बाजूला वाटी नि कॅन छातीशी धरलेला तो. गार्गी खिडकीतनं उसाचे ट्रॅक्टर मोजत होती. एकदा तिनं जांभई दिली, तशी तेजस्वी किंचाळली, "झोपू नगंस!"

डॉक्टरीणबाईंनी वाटी हातात घेऊन बघितली. "किती भरली होती? आणि ह्यात नेमकं काय आहे?"

संगमेशनं कॅन पुढं केला. त्याच्यावर लेबल नव्हतं. सुट्टा माल होता, बाळासोच्या स्पेअर पार्टच्या दुकानातला. तो व्हरांड्यात आला आणि त्यानं बाळासोचा नंबर लावला.

"बाळासो, तू दिलेल्या हिरव्या कूलंटात काय हाय?"

"एक नंबर माल हाय, मिस्त्री. ओरिजिनल. का वो?"

जन्मात पहिल्यांदा संगमेशला वाटत होतं, की ह्या माणसानं आपल्याला फसवलेलं असावं. निव्वळ रंगाचं पाणी असावं. पण मग बंड्या का झिंगत होता?

"बाळासो, खरं सांग. चार वर्षांच्या पोरीनं पिलंय."

 बाळासोचा आवाज बारीक झाला. "निम्मं पाणी हाय, मिस्त्री. पण निम्मं... निम्मं खरं हाय."

डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून घेतलं. "फोनवरच्या शब्दावर मी थांबणार नाही," त्या म्हणाल्या आणि लगेच उतारा सुरू केला. "विष अजून रक्तात आहे, किडनीपर्यंत पोचलं नसावं. दोन दिवस कळ काढा."

ते दोन दिवस संगमेशनं जिन्याखालच्या बाकावर काढले. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं की जा म्हटलं नव्हतं. वर नर्स दर तासाला लघवी मोजत होती. दार वाजलं की तो जिन्याकडं बघायचा. त्यानंच भरलं होतं ते, दोनदा, स्वतःच्या हातानं, आणि काय न्हाय म्हणून सांगितलं होतं. गुरुवारी ऋतुराज खाली आला आणि त्याच्याकडं न बघता म्हणाला, "बंड्या गेला. किडन्या निकामी झालत्या." संगमेशला त्यात फक्त किडन्या हा शब्द ऐकू आला. गार्गीच्या खोलीकडं जायला तो दोन पायऱ्या चढला आणि परत खाली येऊन बसला.

शुक्रवारी दुपारी तेजस्वी जिना उतरून आली. तिचे डोळे सुजले होते. संगमेश उठून उभा राहिला. ती काय बोलेल ते ऐकायची त्याची तयारी होती. शिव्या, हात उगारणं, काहीही.

"रिपोर्ट चांगला आला," ती म्हणाली. "उद्या सोडत्यात."

संगमेशनं वर बघून हात जोडले.

"आमच्या घरात तीन आठवडे चाललं हुतं हे," ती पुढं म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत वाटी घिऊन फिरत हुती ती. तुम्ही इचारलं म्हणून कळलं. पण मला तुमच्याकडं बघवत न्हाय, मिस्त्री. थोडे दिवस घरी येऊ नका."

"न्हाय येत, वहिनी."

ती वळून वर गेली. संगमेश रस्त्यावर आला. भर दुपारचं ऊन होतं, दाराशी नारळवाला, रिक्षा, लोकांची ये-जा. दोन दिवस तो नीट जेवला नव्हता. त्यानं एक नारळ मागितला. नारळवाल्यानं तो छाटून पुढं केला, तरी बराच वेळ त्याला त्यातलं गोड पाणी ओठाला लावता येईना.