पहिला तास घडीचा

मित्रांनो, मी एक जुनी कामटी आहे. कामठी नव्हे, ते गाव नागपूरच्या पलीकडे आहे, आणि माझं नाव निघालं की लोक हसून मला तिकडच्या बसमध्ये बसवतात. मी बांबूची चपटी पट्टी, वीतभर लांब. आकाशकंदील करताना तुम्ही माझ्या बहिणींना वाकवलं असेल. मला मात्र कुणी वाकवलं नाही. मी कागद वाकवत आले.

मला बळीराम नावाच्या माणसाने घडवलं. त्याची बायको इंदूबाई नागपूरच्या इतवारीतल्या एका छापखान्यात लग्नाची कार्डं दुमडायची. जाड कागदाची घडी ती अंगठ्याच्या नखाने दाबायची, आणि नख काळंनिळं व्हायचं. एका संध्याकाळी बळीराम अंगणात बसून बांबू तासत राहिला, काचेच्या तुकड्याने घासत राहिला.

"घे वं," तो म्हणाला, "तुया नखाचं वाटोळं झालं. आता हिचं होऊ दे."

माझं वाटोळं झालं नाही. तीस वर्षं तिच्या बोटांखाली मी गुळगुळीत होत गेले, आणि जिथे तिचा अंगठा टेकायचा तिथे माझ्या अंगात एक खळगा पडला. सावनेरपासून मौद्यापर्यंत किती घरांची लग्नं आम्ही दोघींनी दुमडली असतील! घडीवर कागद कधी तडकला नाही. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "इंदूबाईची घडी म्हणजे मशीनची घडी." त्यावर ती म्हणायची, "मशीनले कागदाचं मन समजते का जी?"

मग आमंत्रणं फोनवर जाऊ लागली. छापखान्याचं शटर खाली आलं. बळीरामही गेला. मी आधी बिस्किटांच्या डब्यात बटणांबरोबर पडून राहिले, मग मनीप्लांटला आधार म्हणून कुंडीत रोवली गेले. पाच वर्षं माझे पाय चिखलात होते.

तिथून मला काढलं पायलने. पायल ही इंदूबाईची नात. फोनवर पाहून पाहून ती चमकीची, फितींची कार्डं करायला शिकली होती. सक्करदरा तलावाजवळच्या एका वाचनालयाची खोली मिळवून तिने वर्ग ठरवला होता, नवशिक्यांना हाताने कार्ड करायला शिकवण्याचा, दर रविवारी. दहा नावं आली होती. वही उघडून ती आजीजवळ बसली.

"पाच मिनिटं घडी," तिने वाचलं. "मंग चमकी, मंग फीत."

"पहिला तास निस्ती घडी," इंदूबाई म्हणाली.

"काय वं आजी. निस्ती घडी माराले कोण येईन? लोकं चमकी पाहून येतात."

"चमकी दोन दिसात झडते, बाई. झाडू मलेच मारा लागते."

पायल हसली. आजीने मला धुऊन-पुसून हातात घेतलं होतं. "ये, बस इथं. कागदाचं उभं-आडवं दाखवते तुले. ते नाही समजलं तर जाड कागद तडकते."

"रविवारी सगळ्यांसंगच दाखवजो नं. मीबी तवाच शिकीन. आता मले खुर्च्यांचं पाहू दे, चहाचं पाहू दे."

आणि तिने वहीत लिहिलं : पहिला तास, घडी, आजी.

इंदूबाईने तिला आणखी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा पायल "आलीच" म्हणाली. ती वाईट मुलगी नाही, मित्रांनो. तिला वाटलं, आजी तर घरातच आहे.

गुरुवारी सकाळी चहा ठेवता ठेवता इंदूबाई ओट्यापाशी खाली बसली. दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही.

घरात माणसं आली, गेली. वर्ग महिनाभर पुढे ढकलला गेला. वहीतली ती ओळ मात्र पायलने खोडली नाही.

मग तो रविवार आला. दहातल्या सहाजणी आल्या. पायलने जाड कागद समोर ठेवला आणि मला उचललं. तिचा अंगठा माझ्या खळग्यात बसेना. तो दुसऱ्याच हाताचा खळगा होता. तरी तिने घडी दाबली. कागद तडकला, आणि भेगेतून त्याचे पांढरे तंतू बाहेर आले. तिने दुसरा घेतला. तोही तडकला. तिसरा तिने उचलला आणि तसाच खाली ठेवला.

कागद आडवा होता, घडी त्याच्या तंतूंच्या विरुद्ध पडत होती. मला ते पहिल्याच स्पर्शाला कळलं होतं. इंदूबाईचं सगळं शहाणपण माझ्या अंगात मुरलेलं, आणि मला तोंड नाही. एवढी असहाय मी चिखलातही नव्हते.

"मले येत नाही," पायल म्हणाली. "आजी शिकवनार होती. ती बोलावत होती, मीच बसली नाही."

मग अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या अंजनाबाईंनी आपल्या बाजूची रिकामी खुर्ची ओढली. "बाहेर पाटी लावली नं तू, नवशिक्यांसाठी म्हणून? मंग तिकडं उभी काहून? ये इकडं."

पायल त्या खुर्चीवर येऊन बसली. समोरची, शिकवणाऱ्याची खुर्ची तास संपेपर्यंत रिकामी होती. सातजणींनी कागद दुमडले. सगळे एकाच मापाने, एकाच बाजूने कापलेले होते. सगळे तडकले.

आता पायल मला रेशमी कापडात गुंडाळून आजीच्या फोटोपाशी ठेवते. रविवारी काढते, परत ठेवते. मित्रांनो, मला एवढं जपून काय उपयोग? बांबू कुठेही मिळतो. तुमच्या घरात कुणाच्या हातात काही असेल, भाकरीचं, शिवणाचं, गाठी मारण्याचं, तर ते हात बोलावतील तेव्हा उठून जा. "आलोच", "आलीच" म्हणू नका.

आणि तुम्हांला माझं ऐकू येतंय, म्हणून एक काम सांगते. कागद दुमडण्याआधी तो अलगद वाकवून पाहायचा, एकदा लांबीने, एकदा रुंदीने. ज्या बाजूने तो हुज्जत न घालता वाकतो, घडी तिथेच मारायची. इंदूबाईला एवढंच दाखवायचं होतं. सक्करदऱ्याकडे रविवारी गेलात, तर पायलला सांगा.