एकाच पातेल्यातलं

फ्रेस्नो शहरातल्या चर्चमागं फुकट आरोग्य तपासणीचा मेळा भरला, तसा एरास्मो तोंड वाकडं करतच तिथं पोचला. "फुकटात कुठं दवाखाना असतो? नुसती भिकाऱ्यांची जत्रा!" असं म्हणत त्यानं आधी फुकटची संत्री पिशवीत कोंबली. बायको ओबदुलिया मागून येत होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्याची बडबड तिला माशीच्या घोंघावण्यासारखी झाली होती.

साखर तपासायच्या टेबलाशी नयेली नावाच्या नर्सनं त्याला हात पुढं करायला सांगितलं. त्यानं तो झटकन खिशात घातला.

"माझं कशाला? आम्ही एकाच पातेल्यातलं जेवतो. हिचं बघ, माझं आपोआप कळेल."

"सुईला भितो, असं सांग की सरळ," ओबदुलिया म्हणाली आणि तिनं स्वतःचं बोट पुढं केलं.

मशीनवर आकडा आला तीनशे दहा. नयेलीचा चेहरा उतरला. "मावशी, साखर फारच आहे हो."

"मेलो!" एरास्मो छाती धरून खुर्चीत कोसळला. "पाणी आणा! पाद्रीबाबांना बोलवा!"

शेजारच्या बायका वारा घालायला धावल्या. रक्त कुणाचं होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. बोटावर कापूस दाबून ओबदुलिया त्याच्याकडं बघत राहिली. असल्या माणसासाठी आपण रोज पहाटे उठून मक्याच्या टॉर्टिया भाजल्या, याची तिला लाज वाटली.

"काकांना आत नेऊ का?" नयेलीनं विचारलं.

"बसू दे ते सोंग तिथंच. डॉक्टर कुठं बसलेत, ते मला दाखव."

आणि मागं वळूनही न बघता ती डॉक्टरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.