तीन वाक्यं

साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर तिने हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. लाकूड चिकट होतं. वर्षभर या दिवसाची वाट बघितली, आणि वेळ आली तेव्हा डोक्यात काय, तर हे कुणी पुसत कसं नाही!

सरकारी वकिलांनी आदल्या दिवशी तिला एकटीला बोलावून समजावलं होतं. चावीवाल्याने घड्याळजीचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, अंगठा हातोडीने ठेचला, एवढंच सिद्ध झालं तर फार तर दोन वर्षं. पण घड्याळजी अमक्या लोकांतला, म्हणून द्वेषाने ठेचला, असं ठरलं तर सात. त्यासाठी तो मारताना काय बोलला, ते हवं.

"जसंच्या तसं. आणि दोघांच्या तोंडून आलं तर उत्तम."

"यांना काही ऐकू गेलं नाही," ती म्हणाली. "पहिल्याच घावाला शुद्ध गेली."

"त्यांनीही मला तेच सांगितलंय. तरी उद्या विचारून बघेन."

"मी सांगते. पण ते तिथे नकोत. त्यांना कधीच कळायला नको."

"साक्ष होईपर्यंत साक्षीदार बाहेरच बसतात," वकील म्हणाले.

म्हणून नवरा आता बाहेर बाकावर होता, आणि तिने ती तीन वाक्यं सांगून टाकली. दुकानात घड्याळ घ्यायला येणाऱ्याला पावती नंबर विचारावा, तशा आवाजात. दुसऱ्या वाक्याला टाइप करणाऱ्या बाईची बोटं थांबली.

"साहेब, असंच लिहू?"

"असंच लिहा," न्यायाधीश म्हणाले.

चावीवाला नखं बघत बसला होता. पंधरा वर्षं समोरासमोर दुकानं. बारीक काम आलं की हाच यायचा, 'जरा भिंग द्या हो' म्हणून. मेल्याने एकदा तरी वर बघावं, असं तिला वाटलं. मग तेही वाटेनासं झालं.

आरोपीचे वकील उठले. "पोलिसांच्या जबाबात तुम्ही नुसतं 'शिवीगाळ केली' म्हणालात. वाक्यं आता आठवली?"

"आठवायला आधी विसरावं लागतं."

"मग तेव्हा का नाही सांगितली?"

"जबाब हॉस्पिटलात घेतला. हे शेजारीच खाटेवर जागे होते."

साक्ष संपली तशी ती मागच्या बाकावर जाऊन बसली. तेवढ्यात नवऱ्याचा पुकारा झाला. तो आत आला, उजवा हात खिशात. आताशा तो हात खिशातच असायचा. डाव्या हाताने फक्त सेल बदलून द्यायचा, बाकीची घड्याळं परत पाठवायचा.

"हातोडी मारताना आरोपी काही बोलला?" सरकारी वकिलांनी विचारलं.

त्याने कोर्टभर नजर फिरवली. ती मागच्या बाकावर दिसली, तशी नजर तिथेच थांबली.

"नाही."

"नीट आठवून सांगा."

"माझी शुद्ध गेली होती. काही बोलला नाही तो."

आरोपीच्या वकिलांनी एकही प्रश्न विचारला नाही.

बाहेर नवरा पाणी प्यायला गेला, तेव्हा सरकारी वकील तिच्याजवळ आले. "एका साक्षीवर सातची आशा धरू नका. शपथेवर 'नाही' म्हणालेत ते. आता बदललं तर म्हणतील, बायकोने पढवलं."

"बरं," ती म्हणाली.

बसस्टॉपवर दोघं शेजारी उभे राहिले. त्याच्या उजव्या बाहीचं बटण सुटलं होतं. तिने ते लावलं. सकाळीही तिनेच लावलं होतं.

"तुला आत बराच वेळ लागला," तो म्हणाला. "काय विचारत होते?"

"काही नाही. तेच ते."

बस आली. त्यांची नव्हती. गेली.

"तू तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत होतीस," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "तिथवर आवाज गेला नसेल, असं मी धरून चाललोय."

तिचा हात बाहीवरच राहिला.

"कसला आवाज?"

त्याने हात खिशात आणखी खोल सारला.

"तिसरं आपल्या पोरीबद्दल होतं," ती म्हणाली.

त्याने होकारार्थी मान हलवली. सावकाश, दोनदा.

"अहो, मग आत का नाही सांगितलंत?"

"तू समोर बसली होतीस ना."