आसनावरची साखर

२०१७ च्या चैत्रात डहाणूच्या आमच्या घरात पिसवा झाल्या आणि माझी पत्नी जयश्री हिने चौकशीविनाच निकाल दिला : दोषी काळ्या. काळ्या हा आमचा कुत्रा. शनिवारी तिचा भाऊ रामू झरीहून टेम्पो घेऊन येणार आणि काळ्याला कायमचा घेऊन जाणार, असे ठरले. तिची मांजर तानी मात्र निर्दोष, कारण तिचा मुक्काम देवघरात.

तंत्रनिकेतनात मी एक गोष्ट शिकलो : यंत्र बिघडले की आवाज करणारा भाग नव्हे, झिजलेला भाग शोधावा. काळ्याला जुन्या छत्रीच्या कापडावर उभे करून मी विंचरले. पिसवा निघाल्या, पण थोड्याच. त्यांची अंडी उवांच्या लिखांसारखी केसांना चिकटून राहत नाहीत. ती घरंगळतात आणि जनावर झोपते तिथे साचतात. काळ्या झोपतो ओट्यावर, आणि ओटा रोज झाडला जातो. घरात केरसुणी न लागणारी जागा एकच होती : जयश्रीचे देवघरातले लोकरी आसन, आणि तानी झोपते त्यावरच. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा होईपर्यंत ते धुवायचे नाही, हलवायचेही नाही, असा तिच्या माहेरचा नेम.

शनिवारी रामू हातात दोरी घेऊनच आला. मी त्याला थेट देवघरात नेले. आसनावर बारीक पांढरे कण आणि काळी भुकटी पसरली होती.

"प्रसादाची साखर आहे ती," जयश्री मागून म्हणाली. "हात लावू नका."

"साखर असती तर मुंग्या आल्या असत्या. आपल्या मुंग्या इतक्या सोवळ्या कधीपासून झाल्या?"

"भावोजी, देवीसमोर तरी जिभेला हाड असू द्या," रामू म्हणाला. पण वाकून पाहू लागला.

मी पळीत पाणी घेऊन त्यात कण टाकले आणि काडीने ढवळले.

"आयला, विरघळतच नाय!" रामू म्हणाला.

मग काळी भुकटी ओल्या वातीवर टेकवली. वात तांबूस झाली.

"हे काय आता?" जयश्रीने विचारले.

"पांढरी ती पिसवांची अंडी, काळी ती त्यांची विष्ठा. तानीचे रक्त, पचवून परत केलेले. यावर बसून तू रोज जप करतेस."

"शी! ती पळी टाका आधी!"

"ताई, मग टेम्पोत कोणाला घालू? तानीला?"

"तुलाच घालीन!"

"आणि काळ्या?" मी विचारले.

"त्याला कशाला? मुका जीव." तासापूर्वीपर्यंत हाच मुका जीव घराचा शत्रू होता. तिने देवीला हात जोडले. "आई, यात्रेआधी आसन धुतेय. पाप यांच्या नावावर घाल."

तिने आसन चिमट्याने उचलून उकळत्या पाण्यात बुडवले. फटींमध्ये पिसवांचे कोष उरलेले असतात, तेव्हा देवघरही आता काही आठवडे रोज झाडावे लागेल, असे मी सांगितले. त्यावर तिने केरसुणी माझ्याच हाती दिली.

पुढे तानीची आंघोळ. रामूने रिकाम्या टेम्पोच्या नावाने बोटे मोडत तिचे पाय धरले आणि मी फणी चालवली. तिचा आकांत ऐकून काळ्या बाकाखाली शिरला. पुढचा क्रमांक त्याचाच होता.